तेल खवटते, पण सडत नाही

सकाळी आणलेला बांगडा दिवसभर ओट्यावर तसाच राहिला, तर रात्री त्याला कोण हात लावील? पण त्याच ओट्याच्या कोपऱ्यात महिनाभर उभी असलेली तेलाची बरणी आपण निर्धास्तपणे उघडतो, पळीभर तेल कढईत ओततो आणि फोडणी करतो. दोन्ही खाण्याचेच पदार्थ, मग एक काही तासांत टाकाऊ होतो आणि दुसरा महिने न् महिने टिकतो, असे का? बरे, तेल मुळीच बिघडत नाही असेही नाही. पावसाळ्यानंतर जुन्या डब्याचे झाकण काढले की येणारा तो खवट वास तुम्ही घेतला असेलच.

म्हणजे मासाही बिघडतो आणि तेलही बिघडते, पण दोन्हींचे बिघडणे अगदी वेगळ्या जातीचे आहे. एरवी हा फरक आपल्याला फारसा जाणवत नाही. परंतु ज्यांना डॉक्टरांनी ‘कमी हिस्टामीन असलेला आहार’ सांगितला आहे, त्यांच्या स्वयंपाकघरात मात्र हा फरक रोज उपयोगी पडतो. अशा माणसाने कोणते तेल वापरावे? ते कसे ठेवावे? मुळात तेल खावे की नाही? या प्रश्नांची उत्तरे तुमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातल्या दोन-तीन कल्पनांवरून तुम्हांला स्वतःलाच काढता येतील. ती काढून पाहू.

हिस्टामीन येते कोठून?

हिस्टामीन हा लहानसा, नायट्रोजनयुक्त रेणू आहे. १९०७ साली विंडाउस आणि फोग्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत प्रथम तयार केला. पुढे १९१० च्या सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांनी त्याचा प्राण्यांच्या शरीरावर होणारा परिणाम तपासला, आणि १९२७ साली निरोगी शरीराच्या ऊतकांतही तो असतो हे सिद्ध झाले. डास चावल्यावर येणारी गांधी, परागकणांमुळे लागणाऱ्या शिंका, अंगावर उठणारे पित्त, या सगळ्यांच्या मागे हाच रेणू असतो. आपल्या शरीरातील ‘मास्ट पेशी’ नावाच्या पेशींमध्ये तो साठवलेला असतो आणि योग्य चिथावणी मिळाली की बाहेर पडतो. जठरात आम्ल पाझरावे यासाठीही तो लागतो. तेव्हा हिस्टामीन म्हणजे विष, असा समज करून घेऊ नका. त्याच्यावाचून आपले चालणार नाही. त्याचा अतिरेक मात्र त्रास देतो. त्याच्या कार्याला आळा घालणारी औषधे शोधण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या डॅनिएल बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे झाले शरीरात तयार होणारे हिस्टामीन. दुसरे अन्नातून येते. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात त्यांपैकी एक आहे हिस्टिडीन. काही जीवाणू हिस्टिडीनच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात. उरतो तो हिस्टामीनचा रेणू. बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात सुटे हिस्टिडीन भरपूर असते. मासा पकडल्यावर त्याला लगेच बर्फ मिळाला नाही, तर आपल्याकडच्या उकाड्यात हे जीवाणू झपाट्याने कामाला लागतात. यातली अडचणीची गोष्ट अशी, की हिस्टामीन वाढलेला मासा दिसायला आणि वासाला पुष्कळदा ठीकच असतो. शिवाय एकदा तयार झालेले हिस्टामीन शिजवून किंवा तळून नाहीसे होत नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोन-तीन तासांच्या आत चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगाला खाज सुटते, छातीत धडधडते. मग आपण म्हणतो, “याला माशाची अ‍ॅलर्जी आहे.” खरे म्हणजे ती अ‍ॅलर्जी नसून विषबाधा असते, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी ताजा बांगडा खाऊन खुशाल राहतो. ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार अशा माशांत दर किलोग्रॅममागे २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक हिस्टामीन असता कामा नये.

माशाखेरीज दीर्घकाळ मुरवलेले चीज, आंबवलेले पदार्थ, टोमॅटो, पालक आणि वांगे यांतही हिस्टामीन असते. निरोगी माणसाच्या आतड्यात डायअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर हे हिस्टामीन मोडून टाकते. काही जणांत हे विकर अपुरे पडत असावे, आणि म्हणून त्यांना इतरांना न बाधणाऱ्या प्रमाणाचाही त्रास होत असावा, असे मानले जाते. या विकाराबद्दल वैद्यकशास्त्रात अजून वाद आहेत. एकच चाचणी करून तो आहे किंवा नाही असे सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर बहुधा काही आठवडे हे पदार्थ बंद करतात, आणि मग एकेक पदार्थ परत सुरू करून कशाने त्रास होतो ते पाहतात. हा आहार आपल्या मनाने सुरू करण्याजोगा नाही, वाढत्या वयाच्या मुलामुलींनी तर मुळीच नाही.

मग तेलात हिस्टामीन असेल का?

आता तुम्हीच विचार करा. हिस्टामीन तयार व्हायला काय काय लागते? हिस्टिडीन लागते, म्हणजे प्रथिने किंवा अमिनो आम्ले हवीत. ते मोडणारे जीवाणू लागतात. आणि जीवाणूंना जगायला पाणी लागते. तेलात यांपैकी काय आहे? शेंगदाण्यात प्रथिने भरपूर असतात हे खरे, पण घाण्यातून तेल निघते तेव्हा ती जवळजवळ सगळी पेंडीत मागे राहतात. म्हणून तर पेंड हे जनावरांचे उत्तम खाद्य! तेल म्हणजे ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांचे संयुग. त्यात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो; नायट्रोजन नसतो. ज्या पदार्थात नायट्रोजनच नाही, त्यापासून नायट्रोजनयुक्त हिस्टामीन बनणार कसे? पाण्याचाही तेलात दुष्काळच. त्यामुळे स्वच्छ, कोरड्या तेलात जीवाणू वाढत नाहीत. तेल सडत नाही ते याचमुळे.

म्हणून साधे तेल, मग ते शेंगदाण्याचे असो, सूर्यफुलाचे असो की खोबऱ्याचे, कमी हिस्टामीनच्या आहारात चालते. हे ठामपणे सांगावेसे वाटते, कारण या आहारातल्या माणसाच्या ताटातले आधीच बरेच काही गेलेले असते. मासळी गेली, लोणचे गेले, टोमॅटोचे सार गेले, भरली वांगी गेली. त्यात कोणी तेलाचीही धास्ती घातली तर तो खाणार काय? एक ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या पिष्टमय पदार्थाच्या दुपटीहून जास्त. रोजच्या जेवणातील दोन मोठे चमचे तेल, म्हणजे साधारण २८ ग्रॅम, बंद केले तर २५० किलोकॅलरी कमी झाल्या. त्या भरून निघाल्या नाहीत, तर वजन उतरू लागते, आणि तो दोष आजाराच्या माथी मारला जातो.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ज्याला शेंगदाण्याची खरी अ‍ॅलर्जी आहे, त्याची गोष्ट निराळी. त्याला त्रास होतो तो शेंगदाण्यातील प्रथिनांमुळे. ती पाहून त्याच्या स्वतःच्याच मास्ट पेशी हिस्टामीन ओततात. घाण्याच्या न गाळलेल्या तेलात या प्रथिनांचा अंश राहू शकतो, आणि अशा माणसाला अंशही पुरतो. त्याने शेंगदाणा तेलाविषयी डॉक्टरांनाच विचारावे.

बिघाडाचे दुसरे रूप

मग डॉक्टर अशा रुग्णाला ‘तेल ताजे वापरा’ असे का सांगतात? खवट तेलात हिस्टामीन वाढते म्हणून नव्हे. खवट तेलात वेगळीच द्रव्ये तयार झालेली असतात, आणि ती कोणाच्याच पोटाला चांगली नाहीत. शिवाय ज्याला कोणत्या पदार्थाने त्रास होतो हे शोधून काढायचे आहे, त्याच्या जेवणात आणखी एक बिघडलेली वस्तू असली तर शोधाचाच घोटाळा होतो. भाजीने त्रास झाला की फोडणीच्या तेलाने, हे कसे ठरवणार?

ही द्रव्ये कशी तयार होतात ते पाहू. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची लांब साखळी. साखळीतले सगळे बंध एकेरी असले तर ते संपृक्त मेदाम्ल, आणि कोठे द्विबंध असला तर असंपृक्त. द्विबंधाच्या शेजारच्या कार्बनवर जे हायड्रोजन अणू असतात, त्यांची पकड सैल असते. दोन द्विबंधांच्या मध्ये सापडलेल्या हायड्रोजनची तर फारच सैल. उष्णतेने, प्रकाशाने किंवा धातूच्या कणाच्या संगतीने असा एखादा हायड्रोजन निसटला, की त्या रिकाम्या जागी हवेतील ऑक्सिजन येऊन चिकटतो. आता हा ऑक्सिजन चिकटलेला रेणू शेजारच्या रेणूचा हायड्रोजन हिसकावून घेतो. मग तो शेजारी रिकामा झाला! त्याच्यावरही ऑक्सिजन चिकटतो, आणि तो तिसऱ्याचा हायड्रोजन पळवतो.

तुम्ही लहानपणी खांब-खांबोळी खेळला असाल. ज्याला खांब नाही तो दुसऱ्याचा खांब पटकावतो, मग दुसरा तिसऱ्याच्या मागे धावतो. गडी कितीही असोत, कोणीतरी बिनखांबाचा राहतोच आणि खेळ चालू राहतो. तेलातला खेळही असाच आहे. फरक एवढाच, की इथे प्रत्येक फेरीत एक रेणू कायमचा बिघडून बाहेर पडतो. हे बिघडलेले रेणू, म्हणजे हायड्रोपेरॉक्साइडे, स्वतः बिनवासाची असतात. पुढे ती तुटतात आणि त्यांच्यापासून आल्डिहाइडांसारखे लहान, उडून जाणारे रेणू बनतात. खवट वास येतो तो यांचा. आपले नाक अतिशय थोड्या प्रमाणातील आल्डिहाइडेही ओळखते. हिस्टामीन वास न देता वाढते, तेल मात्र बिघडल्याची वर्दी नाकाला देते.

निसर्गाने तेलबियांत या खेळावर एक तोडगाही ठेवला आहे. ई जीवनसत्त्व आणि त्याच्यासारखी द्रव्ये आपला हायड्रोजन सहज देऊन टाकतात आणि मग कोणाच्याही मागे न धावता स्वस्थ बसतात. त्यामुळे साखळी तुटते. ही राखणदार द्रव्ये आहेत तोवर तेलाला वास येत नाही. ती संपली, की अगदी थोड्या दिवसांत तेल खवटते. ‘परवापर्यंत तर चांगले होते’ असे आपण म्हणतो त्याचे कारण हेच. जुन्या बरणीच्या तळाशी उरलेल्या तेलावर नवे तेल ओतण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती वाईट आहे. तळाच्या तेलात हा खेळ आधीच रंगात आलेला असतो. नव्या तेलातले राखणदार त्याला आवरण्यातच खर्ची पडतात. बरणी रिकामी करावी, गरम पाण्याने आणि साबणाने धुवावी, उन्हात खडखडीत वाळवावी, आणि मगच भरावी.

कोणते तेल घ्यावे?

जितके द्विबंध अधिक, तितके तेल लवकर बिघडते. एक द्विबंध असलेल्या ओलिइक आम्लापेक्षा दोन असलेले लिनोलिइक आम्ल किमान दहापट वेगाने ऑक्सिजन घेते, आणि तीन असलेले लिनोलेनिक त्याच्याही सुमारे दुप्पट वेगाने. आता आपली तेले पाहा. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेनिक आम्ल असते. हे तेल इतक्या उत्साहाने ऑक्सिजन घेते, की पातळ थर दिला तर काही दिवसांत सुकून त्याची घट्ट साय बनते. क्रिकेटची बॅट मुरवायला आणि रंगात मिसळायला ते वापरतात ते यासाठीच. (जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. या क्रियेत उष्णता निर्माण होते आणि फडकी आपोआप पेटल्याची उदाहरणे आहेत.) करडईच्या नेहमीच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलिइक आम्ल असते, सूर्यफुलाच्या तेलातही ते बरेच असते. शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास ओलिइक आणि सुमारे एक-तृतीयांश लिनोलिइक. म्हणून ते या दोहोंपेक्षा टिकाऊ. खोबरेलात ९० टक्क्यांच्या आसपास संपृक्त मेदाम्ले असल्याने ते सर्वांत टिकते.

तिळाचे तेल मात्र या हिशेबात बसत नाही. त्यात लिनोलिइक आम्ल ४० टक्क्यांच्या घरात असूनही ते चांगले टिकते, कारण सेसमॉलसारखे राखणदार त्यात मुळातच असतात.

याचा अर्थ सगळ्यांनी खोबरेलच खावे असा नाही. संपृक्त मेदाम्ले फार झाली तर रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. टिकाऊपणा हा तेल निवडण्याचा एक निकष झाला, एकमेव नव्हे. कमी हिस्टामीनच्या आहारातील माणसाने घरात जे तेल पूर्वीपासून खाल्ले जाते आणि सोसते तेच, साधे, एकाच प्रकारचे घ्यावे. त्यासाठी परदेशी महाग तेल आणण्याची गरज नाही. शुद्धीकरण केलेल्या तेलातून ओलावा, गाळ, रंगद्रव्ये आणि धातूंचे अंश निघून गेलेले असतात. घाण्याच्या तेलाला स्वाद असतो, पण गाळही असतो. घाण्याचेच घ्यायचे तर ते निवळलेले असावे आणि थोडेथोडे आणावे. बांधील बाटली घेताना किमतीआधी तयार केल्याची तारीख वाचावी.

लसूण, मिरची किंवा मसाला घालून मुरवलेली तेले मात्र टाळावीत. आपण मघाशी म्हटले, की तेलात पाणी आणि प्रथिने नसतात. लसणाच्या पाकळीबरोबर दोन्ही आत येतात. वर तेलाचा थर असल्याने हवा मिळत नाही, आणि हवेविना वाढणाऱ्या बोट्युलिझमच्या जीवाणूंना अशी जागा फार मानवते. असे तेल सर्वांनाच घातक ठरू शकते. तीच गोष्ट मासे तळलेल्या तेलाची. त्यात माशाचे कण उरतात, आणि तळल्याने हिस्टामीन मोडत नाही हे तुम्हांला आता ठाऊक आहे. रुग्णाची पुरी त्या तेलात तळू नये. एरवीही तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात विघटित द्रव्ये साठत जातात. ही ‘ध्रुवीय संयुगे’ २५ टक्क्यांपेक्षा अधिक झालेले तेल खाद्य म्हणून वापरण्यास आपल्या देशात जुलै २०१८ पासून बंदी आहे.

कसे ठेवावे?

हवा, प्रकाश, उष्णता आणि धातू, हे चौघे खेळ सुरू करून देणारे. अर्धी रिकामी बरणी म्हणजे अर्धी हवेने भरलेली बरणी. चार माणसांच्या घराला महिन्याला २ किलो तेल लागते असे धरा. १५ किलोचा डबा स्वस्त पडतो म्हणून आणला तर तो साडेसात महिने पुरेल, आणि शेवटचे तेल वापरायला काढाल तेव्हा डब्यात बहुतेक हवाच असेल. रुग्णासाठी तर अर्धा लिटरची बाटलीच बरी.

तापमान १० अंशांनी वाढले की ही क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. शेगडीजवळच्या कोनाड्यात ४० अंश आणि आतल्या फडताळात ३० अंश असेल, तर जागा बदलल्यानेच तेलाचे आयुष्य जवळजवळ दुप्पट झाले! विदर्भातील मे महिन्यात तर हा हिशेब जरूर करावा. रोजच्यापुरते तेल लहान भांड्यात शेगडीजवळ ठेवा, बाकीचे अंधारात. पारदर्शक बाटली खिडकीत शोभून दिसते, पण तेलात हरितद्रव्याचा अंश असला तर प्रकाशामुळे ऑक्सिजनचे अधिक चपळ रूप तयार होते, आणि ते लिनोलिइक आम्लावर नेहमीच्या ऑक्सिजनपेक्षा हजारपटींहून अधिक वेगाने तुटून पडते.

तांबे हे तेलाचे मोठे वैरी. त्याचा अत्यल्प अंशही ही क्रिया वाढवतो. पितळेतही तांबेच असते. जुन्या घरांतले पितळी बुधले कल्हई लावल्याखेरीज तेलासाठी वापरू नयेत. चिनी मातीची बरणी, गडद काच किंवा स्टेनलेस स्टील उत्तम. गंजलेला पत्रा नको. फ्रिजमध्ये ठेवल्यास तेल गढूळ दिसते किंवा गोठते. तो बिघाड नव्हे, बाहेर काढल्यावर ते पूर्ववत होते. झाकण मात्र तेल खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावे, नाहीतर हवेतील बाष्प आत जमते. आणि ओली पळी बरणीत कधीही घालू नये.

करून पाहा

शंभर मिलिलिटरच्या सहा सारख्या काचेच्या बाटल्या घ्या, धुऊन पूर्ण वाळवा. पहिली शेंगदाण्याच्या शुद्ध केलेल्या तेलाने काठोकाठ भरून कपाटात ठेवा. दुसरी तशीच, पण अर्धीच भरा. तिसरी अर्धी भरून उन्हाच्या खिडकीत ठेवा. चौथी अर्धी भरून तीत पॉलिश कागदाने घासलेला तांब्याच्या तारेचा तुकडा टाका आणि कपाटात ठेवा. पाचवीत अर्धी बाटली सूर्यफुलाचे तेल, सहावीत अर्धी बाटली खोबरेल, दोन्ही कपाटात. दर आठवड्याला वास घेऊन ०, १, २, ३ असे गुण द्या. ० म्हणजे खवट नाही, ३ म्हणजे अगदी खवट. वास घेणाऱ्या मित्राला कोणती बाटली कोणती हे सांगू नका आणि बाटल्यांचा क्रमही दर वेळी बदला, नाहीतर तो नाकाऐवजी अपेक्षेने गुण देईल. दोन बाटल्यांच्या मध्ये मिनिटभर मोकळी हवा घ्यावी, कारण नाक लवकर थकते. चव घेऊ नका. आठ-दहा आठवडे नोंदी ठेवून त्यांचा आलेख काढा. शाळेच्या प्रयोगशाळेत फ्लोरोग्लुसिनॉल असेल, तर ते आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून शिक्षकांना क्राइसची परीक्षा करून दाखवता येईल. खवट तेलात गुलाबी ते लाल रंग येतो, आणि रंगाचा क्रम तुमच्या नाकाने लावलेल्या क्रमाशी ताडून पाहता येतो.

प्रयोग संपल्यावर तेल मोरीत ओतू नका, दिव्यात जाळून टाका.